माळरानावरची धावपट्टी

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात गुरे आणि मेंढ्या पाळणाऱ्या विस्तीर्ण मालमत्तांना स्टेशन म्हणतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातले ॲना क्रीक हे जगातले सर्वांत मोठे स्टेशन मानले जाते. त्याचे क्षेत्रफळ पंधरा हजार चौरस किलोमीटरच्या पुढे, म्हणजे जवळपास पुणे जिल्ह्याएवढे आहे. अशा मालमत्तेवर राहते घर एका कोपऱ्यात असते, गुरांसाठी खोदलेल्या विंधनविहिरी आणि तारांची कुंपणे शेकडो किलोमीटर पसरलेली असतात, आणि गावाकडे जाणारा कच्चा रस्ता जोराच्या पावसानंतर आठवडेच्या आठवडे बंद राहू शकतो. म्हणून घरापासून थोड्या अंतरावर झाडेझुडपे काढून, दगड वेचून, सपाट केलेली एक लांब पट्टी असते. मालकाचे लहान विमान तिथून उडते आणि विहिरींना पाणी आहे का, कुंपण कुठे तुटले आहे, कळप कुठे गेला आहे हे पाहून येते. टपाल, पशुवैद्य, यंत्राचे सुटे भाग तिथेच उतरतात. कोणी घोड्यावरून पडले किंवा कोणाच्या छातीत दुखू लागले, तर डॉक्टरही तिथेच उतरतो.

अशा पट्टीवर विमान वर्षभरात फार थोडा वेळ असते. उरलेला सगळा काळ ती ऊन, पाणी, गवत, वाळवी आणि जनावरे यांच्या ताब्यातली जमीन असते. खासगी धावपट्टी चालवण्याचे काम त्यामुळे उड्डाणापेक्षा शेतीच्या जवळचे आहे. ज्या मालकाला आपल्या रानातले पाणी कुठून येते आणि कुठे मुरते हे ठाऊक असते, त्याची पट्टी सहसा चांगली असते.

पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात विमान आणि तिथले पशुपालक यांचे नाते सुरुवातीपासूनचे आहे. १९१९ साली इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया अशी विमानशर्यत जाहीर झाली, तेव्हा उत्तरेकडे उतरण्याच्या जागाच नव्हत्या. पहिल्या महायुद्धातून परतलेले हडसन फिश आणि पॉल मॅकगिनेस हे दोघे वैमानिक फोर्ड मॉडेल टी मोटारीतून लाँगरीचहून निघाले आणि रस्ता नसलेल्या मुलखातून वाट काढत त्यांनी उतरण्याजोग्या जागा हेरल्या. त्या प्रवासात मोटारीचे जे हाल झाले, त्यावरून या प्रदेशाला विमानाचीच गरज आहे, हे दोघांच्या मनात पक्के बसले. त्यातूनच नोव्हेंबर १९२० मध्ये क्वांटास ही विमान कंपनी उभी राहिली, तेव्हा तिला भांडवल देणाऱ्यांत आसपासचे पशुपालक होते आणि पहिला अध्यक्ष फर्गस मॅकमास्टर हाही पशुपालकच होता.

दुसरा टप्पा वैद्यकीय सेवेचा. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाने दुर्गम वस्त्यांसाठी हवाई डॉक्टरची कल्पना वर्षानुवर्षे लावून धरली होती. १७ मे १९२८ रोजी क्वांटासकडून भाड्याने घेतलेले डी हॅविलँड बनावटीचे विमान डॉक्टरला घेऊन क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरीहून निघाले आणि ज्युलिया क्रीकला उतरले. पहिल्या वर्षात या सेवेची ५० उड्डाणे झाली आणि २२५ रुग्णांवर उपचार झाले. आजची रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस ती हीच. पण विमान असून भागत नव्हते, डॉक्टरला बोलावणार कसे हा प्रश्न होताच. तो अल्फ्रेड ट्रेगर याने १९२९ मध्ये सोडवला. सायकलसारखे पायडल मारून वीज निर्माण करणारा बिनतारी संच त्याने तयार केला आणि एकाकी घरे एकमेकांशी जोडली गेली. पुढे प्रत्येक स्टेशनवर औषधांची क्रमांक घातलेली पेटी आली. डॉक्टर दुरून फक्त क्रमांक सांगतो आणि घरातले माणूस ते औषध काढून देते. बिनतारी संच, पेटी आणि धावपट्टी या तीन गोष्टींवर तिथल्या आरोग्यसेवेचा पाया उभा राहिला. यांतली पट्टी राखण्याचे काम सर्वस्वी त्या घरातल्या माणसांवर असते.

जागा आणि माती

पट्टीची दिशा वारा ठरवतो. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडते आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरते, कारण समोरून येणारा वारा जमिनीवरचा वेग कमी ठेवतो आणि धाव आखूड होते. म्हणून वर्षातल्या बहुतेक दिवसांचा वारा ज्या रेषेत असतो, त्या रेषेत पट्टी आखतात. पट्टीच्या टोकांचे क्रमांक चुंबकीय दिशेवरून येतात: ९० अंशांकडे तोंड असलेले टोक ०९ आणि उलट बाजूचे २७. जागेला मर्यादा असेल, समजा एका अंगाला टेकडी असेल, तर कधी कधी पट्टी एकेरी ठरते. एकाच बाजूने उतरायचे आणि उलट बाजूने उडायचे. असा नियम असलेल्या पट्टीवर पाठीमागून वारा सुटला की विमान थांबवून ठेवणे एवढाच पर्याय उरतो.

मातीचा प्रश्न याहून अवघड आहे. पश्चिम क्वीन्सलँडच्या मोठ्या भागात काळी चिकणमाती आहे. ती आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीच्याच जातीची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि चाकाला अशी चिकटते की विमान जागचे हलत नाही. वरून कोरडी दिसणारी ही जमीन आत ओली असू शकते. वरचा पापुद्रा माणसाचे वजन पेलतो आणि विमानाच्या चाकाखाली फुटतो. विमानाचे पुढचे चाक रुतले, की पंखा जमिनीला लागतो आणि एका क्षणात इंजिनापर्यंत नुकसान पोचते. त्यामुळे शक्य असेल तिथे पट्टी काळ्या जमिनीवर न घेता मुरमाड उंचवट्यावर घेतात, किंवा काळ्या मातीवर मुरमाचा थर टाकून तो रोलरने दाबतात.

मुरूम टाकला तरी निचरा नसेल तर खर्च वाया जातो. पट्टी मध्यभागी किंचित उंच आणि दोन्ही कडांकडे उतरती ठेवतात, कडांबाहेर उथळ चर काढतात आणि वरच्या अंगाने येणारे पाणी आधीच वळवून देतात. ऑस्ट्रेलियातल्या प्रचलित मार्गदर्शनानुसार लांबीच्या दिशेने सरासरी उतार २ टक्क्यांहून आणि आडवा उतार २.५ टक्क्यांहून अधिक नसावा. ग्रेडरने, म्हणजे जमीन सपाट करणाऱ्या यंत्राने, पट्टी साफ करताना एक चूक वारंवार घडते. पात्याने बाजूला सारलेल्या मातीचा वरंबा दोन्ही कडांना तसाच राहतो. तो पाणी अडवतो, पट्टीचा ओढा होतो, आणि विमान थोडे बाजूला सरकले तर चाक त्याच वरंब्याला अडकते. तो वरंबा लगेच पसरवून टाकणे हे ग्रेडर चालवण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

पृष्ठभाग पुरेसा गुळगुळीत आहे का, हे पाहण्याची पद्धत साधी आणि विश्वासार्ह आहे. ताठ स्प्रिंगची गाडी पट्टीवरून ताशी ७५ किलोमीटर वेगाने चालवायची. आत बसलेल्यांना त्रास झाला नाही, तर पृष्ठभाग चालण्याजोगा. ओल तपासायची असेल तर भरलेला ट्रक नागमोडी चालवतात आणि टायरच्या खुणा किती खोल उमटतात ते पाहतात. मध्येच एखाद्या ठिकाणी पहार खुपसून पाहणे हाही जुन्या लोकांचा परिपाठ आहे.

लांबीचे गणित

किती लांब पट्टी हवी, याला एकच उत्तर नाही. विमानाच्या पुस्तिकेत उड्डाणाचे अंतर दिलेले असते, पण ते कोरड्या, टणक, सपाट पट्टीचे आणि ठरावीक हवामानातले असते. प्रत्यक्षातली पट्टी यांतल्या कोणत्याच अटी पूर्ण करत नाही. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने लहान विमानांसाठी दिलेले अंदाज यासाठी फार उपयोगी आहेत. समुद्रसपाटीपासून दर १,००० फूट उंचीला उड्डाणाचे अंतर सुमारे १० टक्क्यांनी वाढते, तापमानातल्या दर १० अंश सेल्सिअस वाढीला आणखी १० टक्क्यांनी, कोरड्या गवतावर २० टक्क्यांनी, ओल्या गवतावर ३० टक्क्यांनी, २ टक्के चढावर १० टक्क्यांनी, आणि विमानाचे वजन १० टक्क्यांनी वाढले तर २० टक्क्यांनी. हे आकडे एकमेकांत मिळवायचे नसून गुणायचे असतात, आणि इथेच अनेकांचा अंदाज चुकतो.

उदाहरण म्हणून एक विमान घेऊ. समुद्रसपाटीला १५ अंश तापमानात जमीन सोडून ५० फूट उंची गाठायला त्याला ६०० मीटर लागतात. तेच विमान १,००० फूट उंचीवरच्या पट्टीवर आले की ६६० मीटर. दुपारी पारा ४० वर गेला की सुमारे ८४०. पट्टीवर कोरडे गवत असेल तर सुमारे १,०००. उड्डाणाच्या दिशेने २ टक्के चढ असेल तर १,१००. यावर सुरक्षेसाठी आणखी एक तृतीयांश धरावा, असे तेच प्राधिकरण सुचवते. मग आकडा सुमारे १,४७० मीटरवर जातो. सकाळी सहाला आरामात उडालेले विमान दुपारी दोनला त्याच पट्टीवरून उडू शकत नाही, याचे कारण एवढेच.

उष्णतेचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो अधिक घातक. गरम हवा विरळ असते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, पंख्याला पकड कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते. १,००० फुटांवरची पट्टी ४० अंशांना विमानाच्या लेखी ४,००० फुटांहून उंच होते, म्हणजे साधारण महाबळेश्वराएवढ्या उंचीवर जाऊन बसते. अंतर्भागातल्या उन्हाळ्यात हे रोजचे आहे.

उतरण्याच्या वेळी ओले गवत वेगळाच त्रास देते. कोरड्या गवतावर अंतर सुमारे १५ टक्क्यांनी वाढते, ओल्यावर ३५ टक्क्यांनी. आखूड कापलेले ओले हिरवे गवत खाली टणक जमीन असताना इतके निसरडे होते की वाढ ६० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. दिसायला सर्वांत नीटनेटकी पट्टी अशा वेळी सर्वांत वाईट ठरते.

लांबीबरोबर दोन्ही टोकांपुढचे आकाश मोकळे हवे. दिवसाच्या वापरासाठी पट्टीच्या टोकापासून ५ टक्के चढाची एक रेषा कल्पायची आणि तिच्या वर झाड, खांब, टाकी काही येऊ द्यायचे नाही. रात्रीसाठी हीच मर्यादा ३.३ टक्के आहे. याचा अर्थ टोकापासून २०० मीटरवर १० मीटरपेक्षा उंच झाड दिवसाही चालत नाही. झाडे वाढत असतात, त्यामुळे हे मोजमाप एकदा करून संपत नाही. सर्वांत वाईट अडथळा तारेचा. ग्रामीण ऑस्ट्रेलियात वीज पुष्कळदा एकाच तारेवरून नेतात, परतीचा प्रवाह जमिनीतून येतो. खर्च वाचतो, पण ती एकटी बारीक तार दोन दूरच्या खांबांमध्ये हवेतून जवळजवळ दिसतच नाही. वैमानिक तारेपेक्षा खांब शोधतात, म्हणून तारेवर रंगीत गोळे बसवून घेणे आणि पाहुण्या वैमानिकाला तिची जागा आधीच सांगणे हे मालकाने टाळू नये.

कायदा आणि जबाबदारी

ऑस्ट्रेलियात अशा खासगी पट्टीला नागरी विमान सुरक्षा प्राधिकरणाचे प्रमाणपत्र लागत नाही. जागा आपल्या विमानाला, त्या दिवसाच्या हवेत आणि त्या वजनाला योग्य आहे की नाही, हे ठरवण्याची जबाबदारी विमानाच्या कप्तानाची असते. विस्तीर्ण आणि विरळ वस्तीच्या देशाला ही रचना शोभते; प्रत्येक पट्टीवर निरीक्षक पाठवायचे ठरवले असते, तर कितीतरी स्टेशने डॉक्टरविना राहिली असती. भारतातली रचना वेगळी आहे. इथे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय विमानतळाचा परवाना देते आणि त्यात सार्वजनिक वापर व खासगी वापर असे दोन वर्ग आहेत.

प्रमाणपत्र लागत नाही, म्हणून मालक मोकळा होतो असे नाही. शेजारच्या वस्तीला होणारा आवाज, जमिनीचा वापर, पट्टेदारीच्या अटी हे विषय स्थानिक परिषद आणि राज्याच्या कायद्याखाली येतात. पाहुण्याला उतरू दिले, की पट्टीवरच्या धोक्यांची खरी माहिती देणे हे मालकाचे कर्तव्य ठरते आणि विम्याची कागदपत्रेही त्याच दृष्टीने पाहावी लागतात. म्हणून परवानगी घेतल्याशिवाय उतरू नये हा नियम जवळपास सगळीकडे असतो. फोनवरच्या त्या संभाषणात शेवटचा पाऊस कधी झाला, गवत किती वाढले आहे, कोणते टोक मऊ आहे, गुरे कुठल्या कुरणात आहेत हे सगळे सांगितले जाते. मालकाला पट्टी मऊ वाटत असेल तर त्याने तसे स्पष्ट सांगावे. भिडेखातर चालेल म्हणणे हा या कामातला सर्वांत मोठा दोष आहे.

हवेत आल्यावर वैमानिक आपली जागा आणि हेतू रेडिओवर बोलून सांगतो. नकाशात स्वतंत्र लहर दिलेली नसेल तिथे १२६.७ मेगाहर्ट्झ ही सामाईक लहर वापरतात. नियंत्रण मनोरा नसतो. ऐकणे आणि सांगणे यांवरच सगळी सुरक्षितता असते.

रोजची राखण

विमान येणार असे कळले, की घरातले कोणी तरी गाडी घेऊन पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. कांगारू, इमू आणि गुरे हुसकावायची असतात, रात्रीत पडलेली फांदी उचलायची असते, घोरपडीने किंवा सशाने उकरलेले बीळ बुजवायचे असते. पहाट आणि तिन्हीसांज हा कांगारूंचा चरण्याचा वेळ, आणि नेमका तोच हवेच्या दृष्टीने उड्डाणाला चांगला. पट्टीभोवती कुंपण असेल तर गुरे अडतात, कांगारू मात्र ओलांडून येतात. पट्टीच्या कडांवर पाऊस साचून गवत हिरवे राहिले की जनावरे तिकडेच ओढली जातात, म्हणजे निचऱ्याचा प्रश्न पुन्हा येतोच.

कडा दिसाव्यात म्हणून पांढरे तिकोनी पत्रे किंवा पांढरे रंगवलेले टायर ठरावीक अंतराने ठेवतात. विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा आणि जोर दाखवणारा कापडी मोजा, उंच खांबावर झाडांपासून दूर हवा. उन्हाने त्याचे कापड विरते आणि फाटका मोजा चुकीचा वारा दाखवतो. पट्टी वापरण्यासारखी नसेल तर तिच्यावर मोठी पांढरी फुली टाकतात.

उभ्या विमानाची निगा हा वेगळाच उद्योग आहे. गुरे पंखांना अंग घासतात, उंदीर पंखात घरटी करतात. कुंभारमाशी तर वेग मोजणाऱ्या बारीक नळीत मातीचे घर बांधते. नळी बुजली की वेगमापक खोटा आकडा दाखवतो. ब्रिस्बेनच्या मोठ्या विमानतळावरही या माशीने प्रवासी विमानांना त्रास दिला आहे, म्हणून विमान थांबताच नळीवर टोपी चढवायची आणि उडण्यापूर्वी ती काढल्याची खात्री करायची.

इंधन बहुधा २०० लिटरच्या पिंपांत येते. पिंप उभे ठेवले तर झाकणाभोवती पावसाचे पाणी साचते आणि तापण्या-निवण्यात आत शोषले जाते. म्हणून पिंपे आडवी, सावलीत, दोन्ही बुचे आडव्या रेषेत येतील अशी ठेवतात. इंधन भरण्यापूर्वी ते पिंप उभे करून गाळ बसू देतात, तळाचे थोडे इंधन तसेच सोडतात आणि गाळणीतूनच भरतात. पिंप, पंप आणि विमान तारेने जोडून घेतल्यावरच झाकण उघडायचे, कारण कोरड्या हवेत स्थिर विजेची ठिणगी सहज पडते. भरून झाल्यावर टाकीच्या तळातून थोडे इंधन काचेत काढून त्यात पाणी आहे का ते पाहतात.

रात्रीची वेळ बहुधा डॉक्टरच्या विमानासाठीच येते. पूर्वी डब्यात रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेले कागदाचे गुंडाळे पेटवून कडांना ओळीने ठेवत. शौचालयातले कागदी रोल यासाठी उत्तम, कारण ते सावकाश जळतात. आता बॅटरीचे किंवा सौरदिवे असतात, तरीही डबे आणि रॉकेल जवळ असतेच. दिवे ठेवताना अंतर सारखे हवे आणि दोन्ही रांगा समांतर हव्यात, कारण अंधारात वैमानिक आपली उंची त्या रांगांच्या आकारावरून ताडतो. दिवे वेडेवाकडे लागले तर त्याचा अंदाज फसतो. डॉक्टरसेवेची आजची विमाने, पिलाटस पीसी-१२ आणि बीचक्राफ्ट किंग एअर, मालकाच्या चार आसनी विमानापेक्षा कितीतरी जड असतात. आपले विमान चालते म्हणून त्यांचेही चालेल असे गृहीत धरता येत नाही. त्यामुळे पट्टीची लांबी, पृष्ठभाग आणि शेवटच्या पाहणीची तारीख ही नोंद सेवेच्या तळाकडे अद्ययावत ठेवतात.

मालमत्ता विकली किंवा पट्टी नको झाली, तर ती नुसती सोडून देणे धोक्याचे असते. दोन-तीन पावसाळे झाले तरी हवेतून ती पट्टी चांगली दिसते, पण आत घळी पडलेल्या आणि वारुळे उभी राहिलेली असतात. इंजिन बिघडलेला वैमानिक नेमका तिच्याकडे वळतो. बंद करायची तर विंडसॉक उतरवतात, कडांचे पत्रे काढतात, दोन्ही टोकांना फुली टाकतात किंवा पट्टी आडवी नांगरतात, आणि वैमानिकांच्या निर्देशिका व डॉक्टरसेवेचा तळ यांना तसे लेखी कळवतात.